त्याने कुंडी उपडी केली, त्यानंतरची दहा मिनिटं

एका आईचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

थोरला मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. वसंतातली तीन आठवड्यांची सुट्टी सुरू झाली आहे. मुलं पडद्यासमोर बसून राहू नयेत आणि जरा कणखर व्हावीत, म्हणून आईने एकवीस दिवसांचे एकवीस उपक्रम ठरवून भिंतीवर तक्ता लावला. बिया पेरणं, पक्षी ओळखणं, पतंग बनवणं, सायकलवरून भटकंती, झाडावर चढणं, तंबूत एक रात्र. धाकटी प्रत्येक गोष्टीत उडी घेते, पडते, उठते. थोरला मात्र सुरू करण्याआधीच "मला नाही जमणार" म्हणतो. चित्रात रेघ चुकली की कागद फाडतो. खेळात हरायला लागला की डाव मोडून उठतो. पहिल्या दिवशी पेरलेल्या घेवड्याच्या बिया पाचव्या दिवशीही उगवल्या नाहीत, तेव्हा त्याने कुंडी उपडी केली आणि तासभर रडला. नवऱ्याचं म्हणणं असं, की "तू सारखी फुंकर घालतेस, म्हणून तो असा झालाय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." सुट्टीतले शेवटचे दहा दिवस मुलाला एका निवासी साहस शिबिराला पाठवायचं त्यांनी ठरवलं आहे. हे कानावर पडल्यापासून मुलगा रात्री उशिरापर्यंत झोपत नाही. आई विचारते, "त्याला बळेच पाठवू का? की घरी ठेवून आणखी भित्रा करू? आणि खरं सांगा, मीच त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपून बिघडवलंय का?"

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात तसाच ठसठसत राहिला, तर पुढचं काहीच नीट ऐकू येणार नाही. तुम्ही मुलाला बिघडवलेलं नाही. रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसणं याला लाड म्हणत नाहीत. तो नऊ वर्षांचा आहे, त्याला हरणं झेपत नाही, आणि ते शिकायला त्याच्यापाशी अजून बराच वेळ आहे.

आता 'कणखर' या शब्दाबद्दल. तुमच्या पत्रात तो पुन्हा पुन्हा येतो. कणखर म्हटलं की मला खडक दिसतो, ज्यावर काही आदळलं तरी ओरखडा उठत नाही. तुम्हाला मुलगा खरंच तसा हवा आहे का? मला वाटतं, तुम्हाला वेगळंच काहीतरी हवं आहे. पडला तरी उठावा, चुकला तरी पुन्हा हात घालावा, रडला तरी रडून झाल्यावर तोंड धुऊन परत यावा. याला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे, सावरणं. आपण "तो सावरला" असं म्हणतो आणि "तिने त्याला सावरलं" असंही म्हणतो. क्रियापद एकच. मुलांबरोबर आणि आईबापांबरोबर काम करताना मला जे दिसत आलं आहे, ते या एका शब्दात आहे. ज्याला आधी कुणीतरी पुष्कळदा सावरलेलं असतं, त्याला पुढे स्वतःला सावरता येतं.

तुमच्या नवऱ्याची म्हण मी टाकून देणार नाही, तिच्यात तथ्य आहे. सोसल्याशिवाय माणूस घडत नाही, हे खरंच. पण दगड घडवताना पाथरवट आधी शीर बघतो, टाकी कुठे टेकवायची ते ठरवतो आणि मगच बेताने हातोडा मारतो. शीर न बघता घाव घातला तर दगड दुभंगतो. शिवाय मूल दगडासारखं निमूट नसतं. घाव कोणी घातला हेही ते लक्षात ठेवतं.

तर आधी शीर बघू.

एका घरातली दोन मुलं, एकच आईबाप, तरी एक उडी घेतं आणि दुसरं उंबऱ्यावर थबकतं. हे तुमच्या फुंकरीमुळे झालं असतं तर धाकटीही तशीच झाली असती. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ जोडप्याने १९५६पासून मुलांच्या उपजत स्वभावाचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी निघाली, १० टक्के अवघड, १५ टक्के सावकाश रुळणारी आणि उरलेल्यांत सगळ्यांचं थोडं थोडं. सावकाश रुळणारं मूल नव्या गोष्टीपासून आधी मागे सरतं. त्याच्या गतीने जाऊ दिलं तर काही खेपांनंतर ते तिथे चांगलं रमतं, घाई केली तर आणखी मागे सरतं. या दोघांचं सगळ्यात कामाचं सांगणं असं, की कुठलाच स्वभाव मुळात वाईट नसतो, तो आणि भोवतालच्या अपेक्षा एकमेकांना जुळतात की नाही यावर पुढचं ठरतं. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा मला असाच सावकाश रुळणारा वाटतो. एका पत्रावरून कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नये, पण या अंगाने त्याच्याकडे चार दिवस बघा. नव्या ठिकाणी गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं तो तुमच्या जवळ राहून नुसता बघत असतो का? तिसऱ्या-चौथ्या खेपेला खुलतो का? तसं असेल तर त्याचं "मला नाही जमणार" हे "मला अजून थोडं बघू द्या" असं ऐका.

धाकटीबद्दलही एक सांगायचं आहे. "हीच खरी कणखर" असं तिच्यादेखत म्हणू नका. थोरल्याला ते लागतंच, पण तिचंही त्यात नुकसान आहे. शूर म्हणून नावाजलेलं मूल खरंच दुखलं-खुपलं तरी सांगेनासं होतं.

आता तुमचा तक्ता. तो किती जीव ओतून केला असेल ते मला कळतं. त्यामागचं गृहीतक मात्र तपासू या. आपल्याला वाटतं, उपक्रम केला की गुण अंगी येतो. झाडावर चढला की धीट, बी पेरलं की संयमी. तसं होत नाही. गुण येतो तो बहुतेक वेळा उपक्रम फसल्यानंतरच्या दहा मिनिटांत, आणि तेव्हा शेजारी कोण होतं आणि ते काय करत होतं यावर. तुमच्या तक्त्यात रोजचा एक चौकोन आहे, फसण्यासाठी एकही नाही. पाचव्या दिवशी कुंडी उपडी झाली तेव्हा तुम्हाला वाटलं की उपक्रम बारगळला. मला वाटतं, त्या क्षणी तो सुरू झाला होता.

यात वसंताची मोठी मदत होते. शाळेत, खेळात, परीक्षेत मूल चुकतं तेव्हा कुणीतरी गुण देणारं असतं, कुणीतरी जिंकलेलं असतं. वसंतात गोष्टी आपोआप फसत असतात आणि तो कुणाचाच पराभव नसतो. दहा बिया पेरल्या तर दहाही उगवत नाहीत. ऊन म्हणून बाहेर पडावं तर पाऊस येतो. वारा पडला की पतंग खाली येतो. घरट्यातली सगळी अंडी फुटत नाहीत, फुटली तरी सगळी पिल्लं जगत नाहीत. हरणं ज्याला झोंबतं त्या मुलासाठी हे सरावाचं उत्तम मैदान आहे. इथे नुकसान छोटं असतं, खरं असतं आणि त्यात कुणी कुणाला हसत नाही.

म्हणून आधी घेवड्याकडे परत जाऊ. पाच दिवसांत बी उगवलं नाही यात त्याचं काही चुकलंच नव्हतं. ऊबदार मातीत घेवडा वर यायला आठवडाभर लागतो, माती गार असेल तर दोन आठवडेही. जास्त पाण्याने बी कुजतं, फार खोल गेलं तर वर येताना दमतं. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरते. ही माहिती त्याला पहिल्या दिवशी मिळाली असती तर पाचवा दिवस त्याला अपयश वाटला नसता. मुलांना 'वाट बघ' एवढं सांगून भागत नाही. किती, कशाची आणि तोवर आत काय चाललेलं असेल, हे सांगितलं तर ती बघतात.

ज्या मुलाला धीर धरवत नाही, त्याच्यासाठी एक काचेचा पेला घ्या. आतल्या बाजूने ओला कागद लावा आणि कागद व काच यांच्यामध्ये दोन बिया सरकवा. दोन-चार दिवसांत मूळ फुटताना दिसतं, आणि बी उलटं ठेवलं असलं तरी मूळ वळून खालीच जातं. शेजारी मातीची कुंडी ठेवा. पेल्यात दिसतं तेच कुंडीत अंधारात चाललेलं असतं, हे तो स्वतः जुळवेल. तुम्ही सांगू नका.

त्या दिवशीच्या दहा मिनिटांत काय करता आलं असतं, ते जरा सविस्तर लिहिते, कारण असे प्रसंग तुमच्या घरी अजून पुष्कळ येतील आणि इतर वाचकांच्याही.

मूल हमसून रडत असतं तेव्हा समजावलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे पहिली काही मिनिटं समजावायचं नाहीच. "एवढ्याशा बियांसाठी कुणी रडतं का?" नको, "जाऊ दे, नवीन आणू" हेही नको. पहिल्या वाक्याने त्याचं दुःख खोटं ठरतं, दुसऱ्याने ते घाईघाईने पुसलं जातं. जवळ बसा. "पाच दिवस वाट बघितलीस आणि काहीच दिसलं नाही. फार वाईट वाटलं ना?" एवढं पुरे. तो "हो" म्हणेल किंवा तुम्हाला ढकलेल. ढकललं तर हातभर लांब बसा, पण खोलीतून जाऊ नका. श्वास संथ झाला की एकच प्रश्न विचारा: "माती भरायची का परत, की आत्ता नको?" नको म्हणाला तर नको. तुम्ही स्वतः माती गोळा करायला लागा, सावकाश, एकही शब्द न बोलता. बरीच मुलं अशा वेळी हळूच शेजारी येऊन बसतात. मग दोघं मिळून मातीत बिया शोधा. एखाद्या बीला बारीक पांढरं मूळ फुटलेलं निघेलही. नाही निघालं तर बी मऊ पडलंय का, कडक आहे का, वास येतोय का, हे बघा. फसलेल्या गोष्टीकडे मूल कुतूहलाने बघू लागलं की सावरणं सुरू झालं. त्यानंतर, आणि त्यानंतरच, कुंडी उपडी करण्याबद्दल बोला: "राग येणं ठीक आहे. कुंडी फेकायची नाही. पुढच्या वेळी राग आला तर काय करशील?" रागाला मुभा द्या, फेकाफेकीला देऊ नका. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं फार महत्त्वाचं आहे. तुमचे पती ज्या शिस्तीबद्दल बोलत आहेत, तिची जागा इथे आहे.

माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हाचं सांगते. तिने सूर्यफुलाचं एक रोप वाढवलं होतं. एका रात्री गोगलगाईंनी ते कुरतडून टाकलं. ती झोपलेली होती. तिचा सकाळचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी घाईने दुसऱ्या कुंडीतलं तेवढ्याच उंचीचं रोप तिच्या कुंडीत लावलं. सकाळी ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हे माझं नाही. माझ्याच्या खालच्या पानाला चीर होती." ती रडली, पण रोपासाठी कमी आणि "तू मला सांगितलं का नाहीस?" म्हणून जास्त. त्या दिवशी मला कळलं, की मी तिला दुःखापासून वाचवत नव्हते. तिचं दुःख बघण्यापासून मी स्वतःला वाचवत होते. तुम्ही फुंकर घालता तेव्हा एकदा स्वतःला विचारून बघा, ही फुंकर त्याच्या जखमेवर आहे की माझ्या घालमेलीवर? त्याच्या जखमेवर असेल तर खुशाल घाला.

रोप हाताशी आलं की त्याला बाहेर काढण्याची एक रीत आहे, ती मुलाबरोबर करा. घरात वाढलेलं रोप एकदम उन्हावाऱ्यात ठेवलं तर एका दिवसात करपतं. म्हणून पहिल्या दिवशी तासभर सावलीत, आडोशाला. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. मग सकाळचं कोवळं ऊन, मग वारा. आठवडा-दहा दिवसांत पानं जाड होतात, खोड आखूड आणि भक्कम होतं. वाऱ्याने किंवा स्पर्शाने हलणारं खोड जास्त मजबूत वाढतं, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी खूप काम केलं आहे. एम. जे. जॅफ यांनी १९७३ साली या प्रतिसादाला स्वतंत्र नावही दिलं. रोज किती वेळ बाहेर ठेवायचं हे मुलाला ठरवू द्या, वहीत लिहू द्या. आणि रोज संध्याकाळी तुमच्या यजमानांनी त्याच्याबरोबर ते रोप आत आणावं. दहा दिवसांच्या शिबिराबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते त्यांना तिथे माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

बाकी उपक्रमांपैकी पतंग ठेवाच. तो फसला तर दुरुस्ती लगेच दिसते. गिरक्या घेत खाली येत असेल तर शेपूट लांब करायची, पुन्हा उडवायचा. कागद फाटणार आहे असं धरूनच जादा कागद आणि चिकटवायचं सामान बरोबर न्या, आणि मुलाला आधीच सांगा, की आज निदान तीनदा दुरुस्त करावा लागेल. पहिल्यांदा फाटला की ती तीनातली पहिली खेप असते, संकट नसतं. कागद फाडणाऱ्या मुलासाठी एवढा फरकही मोठा आहे.

पक्षी बघण्यात जिंकणं-हरणं काहीच नसतं, म्हणून तुमच्या मुलाला ते आवडेल असं वाटतं. जमिनीवर पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू दिसलं तर उचलून घरी आणू नका. बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि त्याचे आईबाप जवळपासच असतात, भरवायला येत असतात. मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि दुरून बघा. पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत चुकीची आहे. आणि कधी पिल्लू मेलेलं सापडलं तर मुलांना तिथून ओढून नेऊ नका. "मेलं" हाच शब्द वापरा. प्रश्न विचारू द्या, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा.

झाडावर चढण्याबाबत तुमची भीती आणि नवऱ्याचा आग्रह दोन्ही मला समजतात. मुलांच्या धाडसी खेळांचा अभ्यास करणाऱ्या नॉर्वेच्या एलेन सँडसेटर उंची, वेग, अवजारं, आग-पाण्यासारखी धोक्याची ठिकाणं, दंगामस्ती आणि एकटं भटकणं असे या खेळांचे प्रकार सांगतात. मुलं हे आपणहून शोधतात आणि थोडं थोडं करून भीतीचा अंदाज घ्यायला शिकतात. मी एक साधा भेद पाळते. मुलाला दिसणारा, जोखता येणारा धोका त्याचा त्याला पेलू द्यायचा. न दिसणारा आपण आधी दूर करायचा. फांदी किती उंच आहे हे त्याला दिसतं. ती आतून वाळलेली आहे हे दिसत नाही, ते तुम्ही बघा. त्याला उचलून फांदीवर बसवू नका. जिथवर स्वतः चढला तिथवरच त्याची उंची, मग ती दोन फूट का असेना. खालून "सांभाळ, पडशील!" ओरडण्याऐवजी "पुढचा पाय कुठे ठेवणार?" असं विचारा. पहिल्याने भीती वाढते, दुसऱ्याने नजर पायाकडे जाते.

पाण्यापाशी मात्र यातलं काहीही लागू नाही. ओढा, तळं, तुडुंब भरलेला हौद, काहीही असो, पाच वर्षांची मुलगी तुमच्या हाताच्या अंतरावर हवी आणि एका मोठ्या माणसाचं लक्ष फक्त तिच्यावर हवं, फोन खिशात. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही.

आता तुमचे यजमान. त्यांच्याशी भांडून काही साधणार नाही, आणि त्यांचं सगळंच चुकतंय असंही नाही. घाबरणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी सुटका दिली तर भीती मोठीच होते. प्रसंग टळला की लगेच बरं वाटतं आणि मूल एवढंच शिकतं, की टाळल्याने बरं वाटतं. म्हणून "राहू दे, नको पाठवायला" एवढ्यावर हा विषय संपवला तर ते त्याच्यावर अन्याय करणारं ठरेल. भीतीकडे जायचंच आहे. प्रश्न पायऱ्यांचा आहे.

हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. यातली बरीच मुलं खरोखर कठीण परिस्थितीत वाढली. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार. अशा सर्वाधिक धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं समर्थ, आत्मविश्वास असलेली, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे निदान एक भरवशाचं मोठं माणूस, ज्याच्याशी घट्ट नातं होतं. आई, आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. दुसरी गोष्ट, घरातलं खरं काम त्यांच्या अंगावर पडलेलं होतं. हे तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. इतक्या घावांत वाढलेल्या या मुलांना ज्याने तारलं, त्यात घावांचा वाटा कुणी सांगितलेला नाही. भरवशाच्या माणसाचा सांगितला आहे. ते माणूस होण्याची संधी वडिलांना आहे, ती दहा दिवस परक्या लोकांच्या हवाली का करायची?

खऱ्या कामाबद्दलही विचार करा. तक्त्यातले निम्मे उपक्रम काढून टाका आणि त्याजागी मुलाला घरातली एक जबाबदारी द्या, जी त्याने केली नाही तर घराचं खरंच अडेल. झाडांना पाणी, सायकलींची हवा आणि साखळी, सहलीला निघताना सामानाची यादी. यादीत तो काही विसरला तर तुम्ही गुपचूप पिशवीत टाकू नका. सगळे मिळून त्या वस्तूशिवाय दिवस काढा आणि चिडू नका.

वडिलांसाठी आणखी एक. मुलांसमोर स्वतः फसा आणि तरीही चालू ठेवा. ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांचा २०१७ सालचा एक प्रयोग आहे. त्यात १३ ते १८ महिन्यांच्या बाळांनी मोठ्या माणसाला धडपडून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून एखादी गोष्ट साध्य करताना पाहिलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खेळण्यावरही जास्त खटपट केली. बोलताही न येणारं बाळ हे टिपतं, तर नऊ वर्षांचा मुलगा नक्कीच टिपतो. तंबू उभारताना खुंट्या निसटल्या, तर बाबांनी मोठ्याने म्हणावं, "जमत नाहीये. राग येतोय मला. जरा पाणी पितो आणि परत बघतो." जे मूल "मला नाही जमणार" म्हणतं, त्याला बहुतेकदा असं वाटत असतं की मोठ्यांना सगळं पहिल्याच फटक्यात जमतं.

शाबासकी देतानाही थोडं जपा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत "हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कामं निवडू लागली आणि एकदा फसल्यावर आधीपेक्षा कमी करू शकली. "खूप कष्ट घेतलेस" ऐकलेल्या मुलांचं तसं झालं नाही. मात्र याचा मंत्र करून भिंतीवर चिकटवू नका. त्याने काय केलं ते नेमकं सांगा: "शेपूट दोनदा बदलून बघितलीस."

आता शिबिर. माझं मत स्पष्ट आहे: यंदा, हे दहा दिवसांचं, बळेच, नको. जे मूल एक रात्रही घराबाहेर राहिलेलं नाही (राहिल्याचा पत्रात उल्लेख नाही, म्हणून मी तसं धरते) आणि नुसत्या बोलण्याने ज्याची झोप उडाली आहे, त्याला थेट दहा रात्री म्हणजे घरातलं रोप दुपारच्या उन्हात नेऊन ठेवणं. पण शिबिर हा शब्द घरातून हद्दपारही करू नका. या आठवड्यात बाबा आणि तो एक रात्र तंबूत झोपोत, घराच्या दाराशी किंवा अगदी बैठकीच्या खोलीत. पुढच्या आठवड्यात तो एक रात्र एखाद्या ओळखीच्या, आवडत्या घरी राहील, तुमच्याशिवाय. ते निभावलं तर दोन रात्री. पुढच्या सुट्टीत दोन-तीन दिवसांचं छोटं शिबिर, शक्यतो एखाद्या मित्राबरोबर, आणि कुठलं ते निवडण्यात त्याचा हात हवा.

तेव्हा शिबिर चालवणाऱ्यांना विचारा: रात्री मूल रडलं तर कोण उठतं आणि काय करतं? एका मोठ्या माणसामागे किती मुलं असतात? एखाद्या साहसाला मूल "नको" म्हणालं तर काय होतं? तिसऱ्या प्रश्नावर जे फुशारकीने "आमच्याकडे नको चालत नाही" म्हणतील, तिथे पाठवू नका. आणि पाठवताना "नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन" असं वचन देऊ नका. ते मायेपोटीच येतं, पण मुलाला त्यात ऐकू येतं की आईला माझा भरवसा नाही, आणि मग ते पहिल्या तासापासून तुमची वाट बघायला लागतं. त्याऐवजी सांगा, "घरची आठवण येईल. जवळपास सगळ्यांना येते. आली की काय करायचं ते आपण आत्ताच ठरवू." आणि खरंच ठरवा. पत्र लिहायचं, तिथल्या कोणाला सांगायचं, उशीखाली काय ठेवायचं.

ज्या घरी असंच मूल आहे त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही हे लिहून ठेवते. झोप, भूक, शाळा, मित्र यांवर काही आठवडे सलग परिणाम दिसत असेल, पोटदुखी-डोकेदुखीची तक्रार रोजची झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा बालमानसतज्ज्ञांशी बोला. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा "मी नसतो तर बरं" असं म्हणत असेल, तर त्याच दिवशी. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. शिबिराचा घोर गेला की झोप परत येते का, तेवढं बघा.

तो घोर आजच घालवा. रात्री तो अंथरुणात पडला की तुम्ही दोघांनी मिळून जाऊन सांगा, आणि बोलू द्या बाबांना: "यंदा शिबिराला जायचं नाही. पण शनिवारी तू आणि मी तंबू लावतोय. तंबू लावण्याचं मला नीट जमत नाही, तुझी मदत लागेल." मग दिवा घालवायची घाई करू नका. तो काही विचारेल.